दुकानातला माणूस

पडद्यावरचा बाण आपला आपण चालत होता आणि कोडेवाले दोन्ही हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे टक लावून बघत होते. माउसला हात लावायचा नाही, असं बायकोने बजावलं होतं.

कोडेवाले म्हणजे साप्ताहिकात शब्दकोडं देणारे गृहस्थ. वाचक फोन करून अडलेला शब्द विचारत. त्यांना एकच जबाब मिळे, "उत्तर पुढच्या अंकात." बायकोलाही तोच. काल संध्याकाळी त्यांच्या कॉम्प्युटरने आपणहून नवा अवतार घेतला आणि आज बघतात तर कोड्यांतली झाडून सगळी अक्षरं गायब! प्रत्येक अक्षराच्या जागी एक रिकामी चौकट. जन्मभर चौकोनांवर पोट भरलेल्या माणसाला चौकोन बघून घाम फुटला. शेवटी बायकोने फोन घेतला, दुकानातल्या माणसाला पडद्यावरचा आकडा लिहून कळवला, त्या आकड्यावर त्याने लांबूनच या कॉम्प्युटरचा ताबा घेतला, आणि तेव्हापासून बाण पळत होता.

"फोन दे इकडे. मी बोलतो त्याच्याशी."

"तो बोलत नाही. काय ते लिहून सांगतो."

"का? मिठाची गुळणी धरलीय?"

"अहो, कामं असतात माणसांना," असं म्हणून बायको खिडकीबाहेर बघायला लागली. खिडकीबाहेर समोरची भिंत होती.

कोडेवाल्यांना कोडं दिसलं की सुटेपर्यंत चैन पडत नसे. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. परक्या घरात दिव्याचं बटण शोधायचं तर माणूस चार ठिकाणी चाचपडतो. हा माणूस कुठेच चाचपडत नव्हता. बाण सरळ आत गेला आणि त्याने 'अडगळ' नावाचा एक कप्पा उघडला. असा कप्पा आपल्या कॉम्प्युटरात आहे हे कोडेवाल्यांनाही ठाऊक नव्हतं. आत त्यांच्या जुन्या अक्षरांचा संच नीट ठेवलेला होता.

"याला कसं कळलं हे इथे आहे म्हणून?"

"दुकानातला माणूस आहे. त्यांना कळतं."

"कुठल्या दुकानातला?"

"असेल कुठल्यातरी."

बाण एका बटणाजवळ आला. लगेच दाबलं नाही. आधी जरा डावीकडे, मग उजवीकडे, पुन्हा डावीकडे, आणि मग टिच. पुढच्या बटणावरही तेच. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, टिच.

कोडेवाल्यांनी चष्मा नाकावर नीट बसवला. कॅरम खेळताना स्ट्रायकर असा सरकवत बसणारा माणूस त्यांनी आयुष्यात एकच बघितला होता. "मार की लेका, झिजेल तो!" असं ओरडून ओरडून त्यांचा घसा बसायचा.

त्यांचा धाकटा भाऊ. हा कॉम्प्युटर त्यानेच लावून दिला होता. नंतर दोघांचं बिनसलं आणि त्याचं नाव या घरात काढायचं नाही असा हुकूम सुटला. हुकूम कोडेवाल्यांचाच होता, त्यामुळे तो मोडणार कोण? अबोला धरायला अक्कल लागत नाही. सोडायला लागते, आणि तिथेच कोडेवाल्यांचं घोडं अडलं होतं.

त्यांनी हळूच माउसवर हात ठेवला.

बाण थबकला, मग थरथरला. पडद्यावर एक कोरं पान उघडलं आणि त्यावर अक्षरं उमटली, "कृपया आपण माउसला हात लावू नये."

कोडेवाल्यांनी हात काढला नाही. एक बाण आणि त्याला दोन हात. इकडचा ओढत होता, तिकडचा सोडत नव्हता. मग तिकडचा थांबला, इकडचाही थांबला. इतक्या दिवसांत दोघांनी मिळून धरलेली ती पहिलीच वस्तू होती. कोडेवाल्यांचे डोळे भरून आले, म्हणून त्यांनी उगाच चष्मा पुसला. त्यासाठी हात काढावाच लागला.

कोड्यांत भराभरा अक्षरं परतली. पानावर नवी ओळ आली, "काम झालं आहे. आता मी बाहेर पडतो."

बाण कोपऱ्यातल्या फुलीकडे निघाला. फुली दाबली की संपलं. मग पुन्हा कधी हा कॉम्प्युटर बिघडणार आणि कधी तो येणार!

"त्याला कळव," कोडेवाले घाईने म्हणाले, "प्रिंटरही चालत नाही म्हणावं."

"अहो, सकाळीच तर चालला."

कोडेवाले टेबलाखाली वाकले आणि त्यांनी प्रिंटरची वायर हिसडून काढली. कॉम्प्युटर टुंग वाजला. प्रिंटर सापडत नाही, अशी पाटी पडद्यावर झळकली.

"आता बघ, चालतोय का."

बायकोने तोंडाला पदर लावला. कोडेवाले केस विस्कटलेले तसेच वर आले आणि एका बोटाने पानावर लिहू लागले, "प्रिंटर बंद पडला आहे. हे काम लांबून होणार नाही. माणसाला घरी यावं लागेल."

बाण फुलीजवळ पोचला होता. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे. टिच काही वाजेना. बायको खिडकी सोडून खुर्चीमागे येऊन उभी राहिली.

मग पानावर हळूहळू एक ओळ उमटली.

"दादा, वायर तूच काढलीस ना?"

कोडेवाल्यांनी नाक ओढलं, ताठ बसले आणि एकेक अक्षर शोधत लिहिलं, "उत्तर घरी आल्यावर."