मिनिटभर न हलता

पेडणेकर गॅसच्या पाइपलाइनपाशी मुद्दाम पुतळ्यासारखा उभा राहिला. मिनिटभरात छातीवरचं यंत्र किंचाळलं.

आखातातल्या या तेलाच्या मुलखात काही वर्षांपासून गॅसही काढला जात होता. गॅस विषारी, म्हणून एकट्याने फिरायला बंदी होती. सहा वर्षं जोडीला नाडर असायचा आणि माशाच्या आमटीत चिंच घालावी की कोकम, यावरून सहा वर्षं दोघांचं भांडण चाललं होतं. मग कंपनीने नाडरला तमिळनाडूला परत पाठवलं आणि पेडणेकरला हे यंत्र दिलं. माणूस मिनिटभर हलला नाही की ते दोनशे किलोमीटरवरच्या कंट्रोल रूमला कळवतं. त्याला रजा लागत नाही आणि चिंचेबद्दल त्याचं काही मत नाही.

“पेडणेकर, ठीक आहात ना?” यंत्रातून कंट्रोल रूममधला खतीब बोलला. माणूस दापोलीचा, पण दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं.

“हो. जरा टेकलो होतो.”

“रोज अकराला टेकता. आठवड्यात पाचवी वेळ झाली. खोट्या इशाऱ्यांचा अहवाल साहेबांकडे जातो हो.”

पेडणेकरने लगेच चार पावलं टाकली. असल्याच अहवालावरून गेल्या महिन्यात एकाला घरी धाडलं होतं. “उद्यापासून चालत राहीन, खतीबभाई.”

पलीकडून कळफलकाची टकटक ऐकू आली.

“यंत्र बिघडलंय असं लिहितो मी,” खतीब म्हणाला. “सोमवारपासून इथली माणसंही कमी केलीत. भिंतभर स्क्रीन आहेत आणि मी आहे. तुम्ही आपले अकराला थांबत जा. दुपारी तीनलाही जमलं तर बघा.”