चार बॅटऱ्या

"बॅग उघडावी लागेल सर," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

"कशासाठी?"

"आत ड्रोन आहे म्हणालात ना. बॅटरी राहिलीय का, एवढंच बघायचं."

भावेशने खांद्यावरची पिशवी काउंटरवर ठेवून चेन ओढली. आत चार बॅटऱ्या होत्या. प्रत्येक वेगळ्या पाकिटात, टोकांना चिकटपट्टी लावलेली. शेजारी त्याने विमान कंपनीचाच नियम ठेवला, घरून छापून आणलेला. ड्रोन मोठ्या बॅगेत, बॅटऱ्या हातात.

"या चार. मोठ्या बॅगेत ड्रोन, चार्जर आणि कपडे. बस्स."

मुलीच्या शर्टावरच्या पट्टीवर 'विनिता' असं नाव होतं. तिने पाकिटं पाहिली, कागद शेवटपर्यंत वाचला.

"हे बरोबर आहे सर. तरी मोठी बॅग एकदा बघू द्या. कधी कधी घरचे काहीतरी भरतात, माणसाला पत्ताही नसतो."

"बॅग मी स्वतः भरलीय. माझ्या पुढे ते ब्लेझरवाले गेले, त्यांच्याकडे कॅमेऱ्याची एवढी मोठी पेटी होती. त्यांना उघडायला सांगितलंत? निदान विचारलंत तरी?"

विनिताने मोठ्या बॅगेकडे हात केला. तिथेच भावेशचं डोकं फिरलं.

त्याचे वडील दामू यांनी भिवंडीजवळच्या कोन गावातल्या एका गोदामात बावीस वर्षं माल उतरवला. रोज सुटताना वॉचमन गेटवर त्यांचा डबा उघडायचा, आत बोट फिरवायचा, मग खिसे चाचपायचा. मालकाची गाडी मात्र काचही खाली न करता निघून जायची. दामू हात वर करून उभे राहायचे आणि घरी येऊन त्यावर एक शब्द बोलायचे नाहीत. भावेशने ते शाळेत असताना पाहिलं होतं.

आता भिवंडीतल्या तसल्याच गोदामांच्या छतांवर तो ड्रोन उडवायचा आणि पत्रे कुठे गळतात ते शोधून द्यायचा. इतकी वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली केलेलं काम. उद्या सकाळी नागपूरला एका मोठ्या कंपनीपुढे प्रात्यक्षिक होतं, पहिल्यांदाच स्वतःच्या नावावर.

"तुमच्या साहेबांना बोलवा," तो म्हणाला.

सुपरवायझर मनोज आला तोवर मागची रांग कुरकुरायला लागली होती. त्याने विनिताचं ऐकून घेतलं आणि हसून म्हणाला, "सर, दोन मिनिटांचं काम आहे. तुमच्याच काळजीपोटी."

"ही काळजी नाही, संशय आहे. बॅटरी पेटली की काय होतं ते मला शिकवू नका. शेलार गावच्या माळावर माझ्या डोळ्यांदेखत एक फुगलेली पेटलीय. बादलीभर वाळू ओतली तरी धूर थांबत नव्हता. म्हणून तर मी हे सगळं एवढं नीट करतो. आणि जो नीट करतो त्यालाच तुम्ही बाजूला काढता."

त्याने मोबाईल काढला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. "आता बोला. ब्लेझरवाल्याला एक नियम आणि मला एक, असं का?"

मागून कुणीतरी "बरोबर बोलतायत" म्हणालं. मनोजचं हसू गेलं.

"सर, ते बंद करा. आत बॅटरी नाही, असं लिहून सही द्या. तेवढ्यावर सोडतो."

"सर, पण एकदा बघायला हवं," विनिता हळूच म्हणाली.

"तू मागे जा विनिता. काउंटर रीमा बघेल."

भावेशने सही केली. मग म्हणाला, "आधी यांनी माफी मागायची."

विनिता त्याच्याकडे न बघता, बॅगेकडे बघत "सॉरी सर" म्हणाली आणि मागच्या दारातून निघून गेली. बॅग पट्ट्यावरून पुढे सरकली.

गेटपाशी बसून त्याने तक्रार लिहिली. नाव, वेळ, काउंटरचा नंबर, सगळं घातलं. बोर्डिंग सुरू व्हायच्या आत उत्तर आलं: आपल्या तक्रारीची दखल घेऊन संबंधित कर्मचाऱ्याला ड्युटीवरून कमी करण्यात आलं आहे. त्याने ते दोनदा वाचलं. छातीवरून काहीतरी उतरल्यासारखं झालं. हे बाबांना सांगायलाच हवं होतं.

सीटवर बसल्यावर त्याने फोन लावला आणि सगळं सांगितलं. विनिता, मनोज, रांगेतली माणसं, ब्लेझरवाला.

"उघडू दिली न्हाय ना?" पलीकडून दामूंनी विचारलं.

"नाही दिली बाबा."

"लय बरं केलंस. उघडली असती तर ती गेली असती हातची."

"कोण गेली असती?"

"आरं, ती फुगलेली बॅटरी. तू पडवीत वाळूच्या डब्यात टाकून ठेवलीस ती. एवढी म्हागाची वस्तू टाकून देतं का कोन? नागपूरला मोठं दुकान हाय म्हणालास, देतील बदलून. तू आंघोळीला गेलास तवा ठेवली मी तुझ्या मोठ्या बॅगेत. कपड्यांच्या खाली, टॉवेलात घट्ट गुंडाळून."

विमानाचं दार बंद झालं होतं. बॅग मशीनमधून गेलीच असेल, काही असतं तर दिसलं असतं, असं भावेशने मनाशी म्हटलं. मग तेच पुन्हा म्हटलं. नागपूर दीड तासावर होतं.

हवाई सुंदरी त्याच्या सीटपाशी थांबली. "सर, फोन बंद करा प्लीज." ती थोडी वाकली. "सर? तुम्हाला घाम आलाय. काही सांगायचंय का?"

त्याने फोन बंद केला.

"न्हाय," तो म्हणाला.