नारळाचा दोष

पहिल्या चाचणीला संरक्षण प्रयोगशाळेच्या संचालकसाहेबांनी लढाऊ विमानापुढे नारळ फोडला. विमान उडालं, वरून औषधांची पेटी सोडली, पॅराशूटही उघडलं, तरी पेटी माळावर दणकन आदळली. आत इंजेक्शनच्या बाटल्यांचा चुरा होता.

मी बर्फातल्या चौकीचा डॉक्टर. वाट बंद झाली की आमच्या चाळीस जवानांचं औषध असंच वरून यायचं होतं, म्हणून मला चाचणी बघायला बोलावलं होतं. दुसऱ्या वेळी साहेबांनी मोठा नारळ आणवला. चुरा आणखी बारीक झाला.

"हे नारळामुळेच होतंय!" साहेब कडाडले. "सुरुवातच फोडाफोडीनं केली, मग बाटल्या फुटणार नाहीत तर काय!" सगळ्या शास्त्रज्ञांनी माना डोलावल्या.

तिसऱ्या वेळी नारळ नव्हता. शिवाय पेटीत थर्माकोल इतका ठासला होता की बाटली एकच मावली. ती शाबूत निघाली. टाळ्या झाल्या, पेढे वाटले, साहेबांनी बाटली उंच धरून फोटो काढून घेतला.

"सर," मी म्हटलं, "माझे जवान चाळीस आहेत."

साहेबांनी क्षणभर विचार केला.

"मग चाळीस विमानं मागू," ते म्हणाले. "पण एकाही विमानापुढे नारळ फोडायचा नाही!"