टूलबारची गोचीड

फुकटचं पंचांग डाउनलोड करताना मी ‘पुढे, पुढे’ दाबत गेलो आन् कॉम्प्युटरच्या ब्राउझरला टूलबारच्या सतरा पट्ट्या चिकटल्या. पडद्यावर विडीएवढी फट उरली, शप्पथ! नात प्रगतीचा नर्सिंगचा प्रवेशफॉर्म त्याच दिवशी पाचला बंद होणार होता. शिक्रापूरचा दुरुस्तीवाला म्हणाला, “उद्या आणा.” प्रगती एकेक पट्टी लपवायची, ब्राउझर उघडला की सगळ्या परत हजर. पोर रडकुंडीला आली. माऊसही न धरलेली, जन्मभर मेंढरं राखलेली माझी बायको म्हणाली, “पोरी, गोचीड वरनं खुडली तर तोंड आतच ऱ्हातं. पट्ट्यांचं तोंड कुठं रुतलंय बघ.” प्रगतीनं कंट्रोल पॅनेल उघडलं, पंचांगासोबत शिरलेले प्रोग्रॅम मुळासकट उपटले. पाचला दोन मिनिटं कमी असताना फॉर्म गेला. “असली इंजिनीअर तालुक्यात न्हाई,” मी बायकोकडं बघत म्हणालो. ती प्रगतीला म्हणाली, “गोचीड आणणारं मेंढरू वेगळं बांधायचं. आज्याची खाट गोठ्यात हलव!”