विहिरीची नवी दोरी

खडीच्या खाणीपायी गावचं पाणी आटू नये म्हणून देखरेख समिती नेमली गेली, आणि गावच्या एकुलत्या विहिरीचं पाणी रोज मोजायचं काम गेनूतात्यांच्या गळ्यात पडलं. हाताहातावर गाठ मारलेल्या दोरीला दगड बांधून ते विहिरीत सोडत. खाण खोल जात होती, तसं पाणीही.

आज दोरी संपली, तरी दगड कोरडाच वर आला. तात्या धापा टाकत समितीच्या बैठकीत शिरले. "सायेब, दोरी पुरंना!"

तपासणीला आलेले साहेब गंभीर झाले. "अहो, मग आधी नाही का सांगायचं?"

त्यांनी खाणीच्या मॅनेजरला तिथल्या तिथे झापलं. तासाभरात दुप्पट लांबीची नायलॉनची दोरी आली. सरपंचांनी तिला हार घातला, टाळ्या पडल्या, आणि ग्रामस्थांची तक्रार दूर झाल्याचं अहवालात लिहिलं गेलं.

तात्या विहिरीवर परतले. सून रिकामा हंडा घेऊन काठावर थांबली होती. त्यांनी नवी दोरी सोडली. जुनीपेक्षा चार हात खाली जाऊन दगड कातळावर खणकन वाजला.

"मामंजी, पाणी किती उरलंय?"

"दोरी पुष्कळ उरलीय, पोरी," तात्या म्हणाले.