आत या की

फाटक केव्हाच काढून टाकलेलं होतं, तरी म्हातारीचे पाय तिथेच अडले.

“चला की आई,” सून म्हणाली. “पक्षी काय इथे रस्त्यावर येऊन हजेरी लावणार आहेत?”

आता इथे राखीव जंगल होतं. पूर्वी वेड्यांचं इस्पितळ होतं. म्हातारीची थोरली बहीण, अक्का, बाळंतपणानंतर बिथरली तेव्हा तिला इथे आणून ठेवलं होतं. सुनेला यातलं काही ठाऊक नव्हतं. घरात अक्काचं नावच कोणी काढत नसे.

“सध्या भेटू नका, घरच्यांना पाहून ती जास्त बिथरते,” असं डॉक्टर सुरुवातीला म्हणाले होते. घरच्यांना तेवढं पुरलं. म्हातारी मात्र तरणी होती तोवर दर महिन्याला यायची. धुतलेले कपडे पहारेकऱ्याच्या हाती द्यायची. “आत या की ताई, मोठ्या नर्सबाई बोलावतात,” तो दर वेळी म्हणायचा. “नको, मला बघून तिला त्रास होईल,” असं म्हणून ती डोळे पुसत परतायची. अक्का गेल्याचंही तिला फाटकावरच कळलं.

आज ती पहिल्यांदा आत आली. भिंती गुडघ्याएवढ्या उरल्या होत्या. वॉर्डातल्या फरशा उचकटून झाडं वर आली होती. बाकावर एक बाई बसल्या होत्या. सुनेने लगेच गप्पा जमवल्या. “आई, या इथेच नर्स होत्या.”

म्हातारीला एकच ऐकायचं होतं. अक्काला शेवटपर्यंत काही कळत नव्हतं, एवढंच. मग सुखाने मरता आलं असतं.

“एक अक्का होत्या इथे,” ती म्हणाली. “जाड वेणीच्या. आमच्या ओळखीतल्या.”

“त्यांना कशी विसरेन? मी नवी होते, रात्रपाळीला घाबरायचे. त्या जवळ येऊन बसायच्या. वॉर्डाच्या किल्ल्या त्यांच्याच कमरेला असायच्या.”

“वेडीच्या हातात किल्ल्या?” सून हसली.

“वेडी कसली? केव्हाच बऱ्या झाल्या होत्या. पण घरच्या माणसाने आत येऊन ताबा घेतल्याशिवाय सोडता येत नसे. बहीण यायची, ती फाटकावरूनच परत. आम्ही किती निरोप धाडले.”

म्हातारीने बाकाची कड धरली. “चिडत असतील बहिणीवर.”

“आम्ही चिडायचो. त्या खिडकीतून तिची पाठ दिसेनाशी होईपर्यंत बघत राहायच्या. म्हणायच्या, ओढून आणू नका गं तिला, लहान आहे, घाबरते मला.”