पानावरचा आडवा हात

मालनताईंच्या नवऱ्याच्या दहाव्याला पिंडाशेजारी मांडलेल्या पानात भरलं वांगं होतं, दहीवडा होता, लोणच्याची फोडही होती. घाटावरची सगळी माणसं लांब सरकून उभी राहिली, तरी समोरच्या बाभळीवरचा कावळा काही खाली उतरेना.

मुलाने हात जोडून आईला जन्मभर सांभाळायचा शब्द दिला. नणंदेने भावाची माफी मागितली. ऊन चढू लागलं, तसे भटजी दर्भाचा कावळा करायला बसले.

नवऱ्याच्या सोरायसिसपायी मालनताईंनी संसारभर वांगं आणि आंबट घरात येऊ दिलं नव्हतं. त्यांच्याबरोबर स्वतःही पथ्याचंच खाल्लं. लग्नाकार्यात वाढपी समोर आला, की ते पंगतीतून मान उंच करून आधी मालनताईंना शोधायचे. त्यांनी नकाराची मान हलवली, की मुकाट्याने पानावर हात आडवा धरायचे.

मालनताई एकदम पुढे झाल्या. बाभळीकडे बघून म्हणाल्या, "खा हो. आज मी नाही म्हणत नाही."

कावळा झपकन उतरला आणि त्याने पहिली चोच वांग्यालाच मारली. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मुलगा तर रडता रडता हसला.

"पुरे, पुरे!" मालनताईंच्या तोंडून सवयीने निघून गेलं. "रात्री खाज सुटली, की तेल लावायला मलाच उठवाल."

आणि आपण काय बोललो ते कळलं, तशा त्या तिथेच वाळूत मटकन खाली बसल्या.